टाचणीच्या पायरीवर

९ जानेवारी

मावशी,

फोन तू कापतेस, म्हणून कागद घेतला. पत्र फाडता येतं, पण आधी वाचल्याशिवाय तू फाडणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. परवा दादाने फोन उचलून ‘आई बाहेर गेलीय’ म्हणून सांगितलं, तेव्हा मागे तू कामवालीशी भांडी घासण्यावरून वाद घालत होतीस. लेकाला खोटं बोलायला शिकवायचंच होतं तर लहानपणी शिकवायचंस, आता या वयात त्याला ते जमत नाही.

दवाखान्यातली तुझी नोकरी मी धरली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. ‘त्या गल्लीत पाय ठेवलास तर तुझं-माझं बोलणं बंद’ असं तू जाताना बजावलं होतंस. तरी धरली. तू गेल्यापासून वर्षभर त्या गल्लीकडे दवाखान्यातलं कुणी फिरकलं नव्हतं. आणि खरं सांगू का, मला हेच काम हवं होतं. लहानपणी तुझी निळी पिशवी खांद्यावर अडकवून घरभर कोण मिरवायचं, ते आठव. आता तसलीच नवी पिशवी मिळालीय. तिचा पट्टा फार लांब आहे, चालताना गुडघ्याला आपटते.

आता मुद्द्याचं. टाचणी पुन्हा खोकतेय.

तुला तिचं नाव ऐकायचं नाही, माहीत आहे. पण गल्लीच्या टोकाला खिडकीशी मशीन लावून बसलेली, तोंडात सदा टाचण्या धरलेली ती बाई तुझ्या हातून टीबीच्या गोळ्या घेत होती आणि तिसऱ्या महिन्यात तिने तुझ्या तोंडावर दार लावलं, हे काही तू विसरली नसशील. मग एकेक करून सगळ्या गल्लीनेच तुला दारं लावली. का, ते तुलाही कळलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तू कृतघ्न, कृतघ्न म्हणत सामान बांधलंस.

मी तिच्या खिडकीवरून जाते तेव्हा मशीन मध्येच थांबतं, खोकला होतो, मग मशीन पुन्हा चालू होतं. खिडकीत खोकल्याच्या औषधाची बाटली असते, दुकानातून आणलेली. तिची छकुली अजून तिच्याच कुशीत झोपते. ती खोलीच केवढी आहे ते तुला माहीत आहे. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत तर काय होईल, ते मी तुला शिकवायला नको. म्हणून लिहितेय.

तुझी टकळी


२ फेब्रुवारी

मावशी,

उत्तर नाही. ठीक आहे. दादा म्हणाला, पत्र तू दोनदा वाचलंस आणि चष्मा नीट नाही म्हणून तिसऱ्यांदा त्याच्याकडून वाचून घेतलंस. त्याच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

गल्लीची हालहवाल अशी. मी गेले की बायका हसून बोलतात, पोरांची विचारपूस केली की खूश होतात, आणि दाराच्या आत-बाहेर अशा काही उभ्या राहतात की त्यांना ओलांडून मुंगीही जायची नाही. मी नळावर उभी राहून चित्रांचे तक्ते दाखवले. फुप्फुसाचं चित्र पाहून एक म्हातारी म्हणाली, “हे काय, पाव आहे का?” सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि तक्ते गुंडाळून घरी आले.

टाचणीकडे मी गिऱ्हाईक म्हणून जाते. उशांचे अभ्रे शिवायला टाकले. खिडकीतून कापड द्यायचं, खिडकीतूनच अभ्रे घ्यायचे. ती ‘हं’ म्हणते, टाचण्या तोंडात असल्यामुळे तेवढंच म्हणता येतं. पुन्हा कापड नेलं, पुन्हा ‘हं’. आता आमच्याकडे उशांपेक्षा अभ्रे जास्त झालेत आणि यांनी विचारलं की आपण वसतिगृह काढतोय का.

दवाखान्यातल्या मोठ्या बाई, म्हणजे आमच्या साहेबीण, म्हणाल्या, “बाई स्पष्ट नाही म्हणत असेल तर तसं कळव, आपण दुसऱ्या कुणाला पाठवून पाहू.” मी म्हटलं, ती नाही म्हणत नाही, ‘हं’ म्हणते. बाईंनी कपाळाला हात लावला, पण मुदत दिली. बाई बऱ्या आहेत.

परवा शेवटी ती बोलली. काय बोलली ते आज लिहीत नाही. मला आधी नीट विचार करू दे.

टकळी


२१ फेब्रुवारी

मावशी,

लिहायचं की नाही यावर इतके दिवस घातले. यांना विचारलं तर म्हणाले, “सांगू नकोस, म्हातारीला कशाला दुखवतेस.” मलाही तसंच वाटत होतं. पण तू वर्षभर तिथे बसून स्वतःला खातेयस. वीस वर्षं केलं आणि शेवटी लोक असे फिरले, हे तुझ्या मनातून जात नाही. न सांगणं म्हणजे तुला तिथेच बसवून ठेवणं. तेव्हा सांगते, आणि तू आधी बसून घे.

त्या दिवशी टाचणीला खोकल्याची मोठी उबळ आली. टाचण्या तोंडात होत्या, म्हणून मी घाबरून खिडकीतून हात घातला आणि म्हटलं, आधी त्या माझ्या हातावर थुंक. तिने थुंकल्या. मग पाणी प्यायली, आणि तोंड रिकामं झाल्यावर बोलायला लागली.

“तुझी मावशी वाईट नव्हती,” ती म्हणाली. “जिवापाड करायची. पण रोज पायरीवर बसायची ना गं.”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, पायरीवर बसली तर काय झालं?

“रोज सकाळी. ती निळी पिशवी मांडीवर घेऊन. माझं आवरेपर्यंत, मी काही खाऊन गोळ्या गिळेपर्यंत तशीच बसून राहायची. आत ये म्हटलं तरी यायची नाही. समोरच्या इस्त्रीवालीने एकदा विचारलं, ही तुझ्याच दारात का गं बसते रोज? मी काय सांगणार? पुढच्या आठवड्यात तिने माझ्याकडे टाकलेलं कापड परत नेलं. न कापताच. मग शाळेच्या गणवेशांचं काम गेलं. लहान पोरांचे कपडे आहेत, म्हणाले. कुणी काही बोललं नाही गं. नुसतं नेलं परत.”

ती अगदी शांतपणे सांगत होती. मग म्हणाली, “मावशीला येऊ नको म्हणायला तोंड नव्हतं माझं. म्हणून दार लावलं.”

आणि बाकीची गल्ली? मावशी, ते मी नंतर माझं मीच जुळवलं. तू ज्याच्या पायरीवर टेकशील त्याच्या घरात तसलंच काही असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. कृतघ्न नव्हती ती माणसं. घाबरली होती.

तू आत का जात नव्हतीस ते मला माहीत आहे. दुसऱ्याच्या घरात सकाळच्या वेळी शिरू नये, बाईमाणसाचं केर-पाणी व्हायचं असतं, एकच खोली असते, कुणी आवरत असतं, आपण बाहेर थांबावं. आम्हालाही तू तेच शिकवलंस. मी तुझ्या जागी असते तर मीही पायरीवरच बसले असते, आणि वर सगळ्या गल्लीशी गप्पा मारल्या असत्या, म्हणजे आणखीच बोंब. तू तिचा मान राखायला बाहेर बसलीस आणि सगळ्या गल्लीला ते दिसलं. यात दोष कुणाचा म्हणायचा, मला तरी सापडत नाही.

गोळ्यांचं विचारलं तर तिने टाचण्या पुन्हा हातात घेतल्या. तोंडात धरण्याआधी एवढंच म्हणाली, “आत्ता कुठे दोन-चार गिऱ्हाइकं परत आलीत.”

मी एक ठरवलंय. सगळ्यांच्या पायऱ्यांवर बसायचं. रोज, एकही दार न सोडता. तुला वेडेपणा वाटेल, पण आपल्या घराण्यात बसायची सवय आहेच.

टकळी


६ मार्च

मावशी,

रागावलीस का? दादा म्हणतो तू गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या उलट्या करून माती बदललीस. काही तरी लिही गं. शिव्या लिही. तुझ्या शिव्यांसाठीही मी आसुसलेय.

टकळी


३ एप्रिल

मावशी,

बसून बसून माझी कंबर मोडली आहे.

सुरुवात गल्लीच्या तोंडापासून केली. सायकल दुरुस्तीवाल्याची पायरी, मग निवृत्त मास्तरांची, मग जुळ्यांच्या आईची, असं करत शेवटपर्यंत. पिशवी मांडीवर. प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, “काय बाई, निवडणुकीला उभ्या राहताय का?” जुळ्यांच्या आईने मला पाहून सरळ दार लोटलं. मी तरीही बसले आणि बंद दाराशी गप्पा मारल्या. आतून जुळे उत्तरं द्यायला लागले, मग तिलाही उघडावंच लागलं. तिची सासू म्हणाली, “आमच्याकडे काही नाहीये हो.” मी म्हटलं, “मग बरंच आहे, निवांत बसता येईल.”

पहिला आठवडा सगळे एकमेकांकडे पाहत होते. हिच्या घरात काय आणि त्याच्या घरात काय, असे डोळे फिरत होते. पण मावशी, आख्ख्या गल्लीवर संशय घ्यायचा म्हणजे फार कष्टाचं काम आहे. लोक कंटाळले. मग पायरीवर कुणी पोतं टाकून ठेवायला लागलं, कुणी पाट. मास्तर तर माझी वाट बघतात, कारण त्यांचा रक्तदाब मोजून झाला की ते मला त्यांच्या काळातल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी सांगतात आणि मला उठता येत नाही. सायकलवाल्याच्या पायाची जखम बरी होत नव्हती, ती तो वर्षभर पायमोज्यात लपवत होता. साखर निघाली. त्याला दवाखान्यात नेलं.

मोठ्या बाई एकदा स्वतः बघायला आल्या. मी कुणाच्या तरी पायरीवर शेंगा सोलत होते. मला म्हणाल्या, “ही कामाची पद्धत मी वर कशी समजावून सांगू?” पण मग त्याही टेकल्या.

या सगळ्यात मला धाकधूक एकच होती. टाचणीकडे दिवस जात होते. तिचे गाल आत गेले होते. छकुलीची तपासणी करून घे, एवढं तरी कर, म्हणून मी तिच्यापुढे हात जोडले, तेव्हा ती छकुलीला घेऊन आली. पोरगी ठीक आहे. तो कागद हातात घेऊन टाचणी दवाखान्याच्या बाकावर रडली, आणि तरी स्वतःची तपासणी नको म्हणाली. मला त्या दिवशी तिचा फार राग आला होता. घरी येऊन यांच्यावर काढला.

आणि मग हा सोमवार. मी उलट्या टोकापासून, म्हणजे तिच्याच पायरीपासून सुरुवात केली. समोर इस्त्रीवाली. तिने मान वर करून पाहिलंच नाही. कोळसे फुंकले, बाही पसरली, इस्त्री फिरवली. शेजारून जुळ्यांची आई गेली, ती मला म्हणाली, “आज आमच्याकडे उशीर होणार वाटतं.” बस्स, एवढंच. खिडकीतून टाचणी हे सगळं बघत होती. तिचं मशीन थांबलेलं होतं आणि खोकलाही नव्हता, म्हणून मी वळून पाहिलं.

ती म्हणाली, “आत ये.”

मी आत गेले. तुझी शिकवण मोडून. खाटेवर कापडं पसरली होती, ती तिने बाजूला केली. म्हणाली, “तपासायला कधी यायचं?” मी म्हटलं, आत्ता. ती म्हणाली, “ही कॉलर लावून होऊ दे.” मी कॉलर होईपर्यंत तोंड मिटून बसले. माझ्या आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प बसले नसेन.

थुंकी तपासली. आजार आहेच. डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले की आधीच्या गोळ्या अर्ध्यात सुटल्या, तेव्हा सगळं नव्याने सुरू करायचं, पूर्ण सहा महिने. ती ‘हं’ म्हणाली. आजपासून गोळ्या सुरू झाल्या, मावशी. मी खूश आहे. एवढी खूश आहे की यांना वसतिगृहाचा तो टोमणाही माफ केला.

टकळी


२० एप्रिल

टकळे,

सुरुवातीला तिला मळमळतं. मागच्या वेळी फार व्हायचं. ती सांगत नाही, नुसती गिळते आणि मग मागे मोरीत जाते. तू विचार आणि डॉक्टरांना सांग. तिला वाटतं सांगितलं तर गोळ्या बंद करतील, म्हणून लपवते.

जुळ्यांच्या आजीला ऐकू कमी येतं, मोठ्याने बोल.

पायरीचं मला खरंच कळलं नव्हतं. उन्हात बसायची मी. वाटायचं, आपण तिला किती जपतोय.

मावशी


२७ एप्रिल

मावशी गं,

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं आणि सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. मोठ्या बाईंना वाटलं कुणी गेलं. त्यांना दाखवलं तर त्यांनी वाचून फक्त मळमळीचं काय केलंस ते विचारलं.

तू म्हणालीस तसंच निघालं. ती मोरीत जाऊन उलट्या करत होती आणि मला ‘काही नाही’ म्हणत होती. डॉक्टरांनी मळमळीवर औषध दिलं, आता बरं आहे. मी तिला म्हटलं, हे मावशीने ओळखलं. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. म्हणाली, “त्यांना आठवतंय?”

तुला सगळं आठवतं हे मी तिला सांगितलं. तू जपत होतीस हेही सांगितलं. ती म्हणाली, “ते मला तेव्हाही माहीत होतं.”

टकळी


५ नोव्हेंबर

मावशी,

मधली पत्रं सगळी मळमळ, वजन आणि कुंड्यांबद्दल झाली, आज मोठी बातमी आहे. टाचणीचे सहा महिने गेल्या महिन्यात पूर्ण झाले. एकही दिवस चुकला नाही. शेवटच्या तपासणीत काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, “झालं, सुटलीस,” तर ती म्हणाली, “हं.” मी तिला तिथेच चिमटा काढला. मग हसली. तिचे दात इतके छान आहेत हे टाचण्यांमुळे आजवर कुणाला कळलंच नव्हतं.

पण बातमी ती नव्हे. पुढचं मी इस्त्रीवालीला विचारून लिहितेय. तिला म्हटलं, मावशीला कळवू का? ती म्हणाली, कळव, त्यांच्यापासून काय लपवायचं.

इस्त्रीवालीला महिनाभर खोकला होता. आम्ही कुणीच लक्ष दिलं नाही, कोळशाच्या धुराने असेल असं मीही धरून चालले. ती माझ्याकडे आली नाही. एका दुपारी रस्ता ओलांडून टाचणीकडे गेली आणि दारातच उभी राहिली. टाचणी मला नंतर म्हणाली, “मी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि तिला माझ्या स्टुलावर बसवलं.” मग टाचणीने स्वतःहून तिला सगळं सांगितलं. काय झालं होतं, किती गोळ्या, काय होतं, काय होत नाही. आणि तिला घेऊन दवाखान्यात आली. मशीन झाकून आली, मावशी, कामाच्या ऐन वेळी.

तपासणीत तेच निघालं. इस्त्रीवाली मला हळूच म्हणाली, गोळ्या मागच्या दाराने आणून देशील का. मी तयार होते. जिला जसं हवं तसं, आता एवढं तरी शिकलेय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागून वळसा घालून पोचले, तर टाचणी आधीच पुढच्या दाराने आत आलेली, हातात पाण्याचा पेला. मी गोळ्या दिल्या, तर इस्त्रीवाली त्या तळहातावर घेऊन बघत बसली. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “तुझं कापड पहिल्यांदा मी परत नेलं होतं.”

टाचणी म्हणाली, “माहीत आहे. आधी गोळ्या गीळ.”

तिने गिळल्या. मग टाचणी तिथेच पुढच्या पायरीवर येऊन बसली, सगळ्या गल्लीसमोर, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायला लागली की शेजारणीचं औषध सुरू झालंय, आजचे कपडे उद्या मिळतील. मी इस्त्रीवालीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही चिडणार. तर ती डोळे पुसत आतूनच म्हणाली, “परवा म्हण गं. उद्या नाही जमायचं.”

मी त्या दोघींच्या मध्ये उभी होते आणि माझं तिथे काहीच काम नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, मावशी. तुला मात्र तेव्हा तिथे नसल्याचं वाईट वाटलं असतं, म्हणून मलाही थोडं वाटलं.

काल टाचणीने सरळ विचारलं, “मावशी कधी येणार?” मी म्हटलं, तुझ्या दाराशी यायची तिला भीती वाटते. ती म्हणाली, “मला त्यांच्या समोर जायची वाटते. मग झालं तर. दोघी घाबरलेल्या असलो तर कोण कुणावर रागावणार?”

कळव.

टकळी


१४ नोव्हेंबर

टकळे,

दादाने तिकीट काढलंय. रविवारी सकाळी पोचेन. स्टेशनवर ये, बॅग जड आहे.

टाचणीकडे मी एकटीच जाईन. तू बरोबर आलीस तर आम्हा दोघींना बोलू देणार नाहीस.

मावशी